सीट सरकते, झुकते, उंचही होते. मग धडकेत तिला धरून कोण ठेवतं?

खाचमोजणी (प्रश्न)

ड्रायव्हर सीटबद्दल विचारायचं आहे. सीट मोटरची नाही, हाताने सरकवायच्या प्रकारची आहे. बैठकीखाली आडवा गज आहे, तो उचलला की सीट मागेपुढे होते. पाठ झुकवायला दरवाज्याच्या बाजूला लीव्हर आहे आणि उंचीसाठी पंपासारखा वरखाली करायचा दांडा. सीटबेल्टचं बकल फ्लोअरवर नाही, सीटच्याच फ्रेमला आतल्या बाजूने लावलेलं आहे.

अडचण अशी: गज सोडला की दरवाज्याच्या बाजूने 'खट्' असा स्वच्छ आवाज येतो. हँडब्रेकच्या बाजूने कधी येतो, कधी येत नाही. जोरात ब्रेक लावला तर अधूनमधून सीट पाच-सहा मिलिमीटर पुढे सरकून अडकते. शिवाय पाठीचं वरचं टोक धरून हलवलं तर साधारण एक सेंटीमीटर डुलते.

एका बाजूचं लॅच (खाचेत बसून सीट धरणारा दात) नीट बसत असेल तर धडकेत तेवढं पुरतं का? पाठीची ढिलाई ही नुसती झीज समजायची की धोका? आणि तिसरी गोष्ट, याच मॉडेलच्या वरच्या ट्रिमची (महागड्या प्रकारची) मोटरवाली सीट बसवायचा विचार आहे. बोल्टची भोकं जुळतात. पण त्या सीटला दात-खाच काहीच दिसत नाही, नुसता लांब स्क्रू आहे. धडकेच्या जोराने तो स्क्रू उलटा फिरणार नाही हे कशावरून?

---

रेल_आणि_लॅच

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही, पुरत नाही. हे दुरुस्त होईपर्यंत त्या सीटवर बसून गाडी चालवू नका. असं का म्हणतो ते आकड्यांवरून लगेच कळेल.

बेल्टच्या अँकरची (बेल्ट जिथे पक्का बसवलेला असतो त्या जागेची) चाचणी संयुक्त राष्ट्रांच्या नियम १४ प्रमाणे होते. प्रवासी कारमध्ये तीन टोकांच्या बेल्टसाठी खांद्याच्या पट्ट्यावर १३.५ किलोन्यूटन आणि कमरेच्या पट्ट्यावर १३.५ किलोन्यूटन, दोन्ही एकाच वेळी ओढतात. बेल्टचं एखादं टोक सीटवर असेल तर सीटच्या वजनाच्या २० पट बळ त्यात मिळवतात. सीट २० किलोची धरली तर ते झालं जवळपास ३.९ किलोन्यूटन. बेरीज ३१ किलोन्यूटनच्या आसपास जाते, म्हणजे तीन टनांहून थोडं जास्त वजन टांगल्यासारखं.

हे सगळं बळ रेलमधून, म्हणजे सीट ज्यांवर सरकते त्या पट्ट्यांतून, जात नाही हे खरं. खांद्याच्या पट्ट्याचं वरचं टोक दरवाज्याशेजारच्या खांबावर असतं, तो भाग बॉडी घेते. पण खांद्याचा आणि कमरेचा असे दोन्ही पट्टे बकलपाशी एकत्र येतात, म्हणून सर्वांत मोठी ओढ एकट्या बकलच्या अँकरवर पडते. तुमच्या सीटमध्ये बकल आतल्या बाजूच्या फ्रेमवर आहे आणि खट् न होणारं लॅचही त्याच बाजूचं आहे. ज्या रेलवर जास्त भार येणार, तीच सुटी आहे.

आता रेलच्या आत काय असतं ते बघा. खालच्या रेलच्या कडा आत वळवलेल्या असतात, वरच्या रेलच्या कडा बाहेर वळवून त्यांत अडकवलेल्या असतात आणि मध्ये गोळ्या किंवा रोलर असतात. बकल पुढे आणि वर ओढलं जातं, म्हणून सीटचा मागचा भाग उचलला जायला बघतो आणि पुढचा खाली दाबला जातो. उचलण्याचं बळ या अडकलेल्या कडा घेतात. पुढे सरकण्याचं बळ फक्त लॅचचे दात घेतात. एका बाजूचं लॅच सुटलं की ती रेल पुढे धावते, दुसरी जागेवर राहते आणि सीट आडवी पिळवटते. त्या पिळात चांगल्या बाजूच्या रेलच्या कडा उकलायला लागतात. चांगलं लॅच शाबूत असूनही मग रेल हातची जाते.

पाच-सहा मिलिमीटरचं सरकणं म्हणजे दातावर दात. खाचांमधलं अंतर बहुतेक रेलमध्ये साधारण १० मिमीच्या आसपास असतं. दात खाचेत उतरायच्या ऐवजी दोन खाचांमधल्या पट्टीवर टेकून राहिला आहे. ब्रेकच्या धक्क्याने सीट अर्धी खाच सरकते आणि मग तो आत पडतो. ब्रेकमध्ये ही हालचाल सावकाश होते, त्यामुळे जमून जातं. धडकेत तसं जमेलच असं नाही. २० जी (गुरुत्वाकर्षणाच्या २० पट) वेगबदलात मोकळी सीट पहिल्या पाच मिलिमीटरमध्येच सेकंदाला सुमारे १.४ मीटर वेग घेते. सहा मिलिमीटर रुंद खाच दाताखालून चार-पाच मिलिसेकंदांत निघून जाते. एवढ्या वेळात स्प्रिंगने दात पूर्ण आत ढकलायचा असतो. नुसतं टोक आत गेलं तर ते घासून गोल होतं आणि पुढच्या खाचेला अजूनच कमी धरतं.

संयुक्त राष्ट्रांचा सीटबद्दलचा नियम १७ सांगतो की सरकण्या-झुकण्याच्या प्रत्येक व्यवस्थेला लॉक हवं आणि ते आपोआप लागलं पाहिजे. चाचणीत लॉक सुटलं तर सीट नापास. फ्रेम वाकली तर चालते, सुटली तर नाही. मागच्या प्रवाशांना वाट देण्यासाठी जी सीट सरकते, तिचं लॉक चाचणीनंतर निदान एकदा तरी उघडता आलं पाहिजे, अशीही अट आहे. अडकलेल्यांना बाहेर काढायला ते लागतं.

तपासणी अशी करा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद. सीट पूर्ण मागे नेऊन रेलचा पुढचा भाग व्हॅक्यूमने साफ करा, मग पूर्ण पुढे आणून मागचा. टॉर्च लावून आत बघा: नाणं, खडा, पेनचं टोपण, वाळून घट्ट झालेलं ग्रीस. सीट कव्हर लावलेलं असेल तर त्याचे इलॅस्टिकचे पट्टे आणि तारेचे हुक कुठे अडकवलेत ते खास बघा. ते गजाला किंवा लॅचच्या स्प्रिंगला अडकवलेले असतील तर लॅच कायम थोडं उचललेलं राहतं. हे फार वेळा घडतं आणि वरून अजिबात दिसत नाही.

नंतर गज अगदी सावकाश उचला. दोन्ही लॅच एकाच क्षणी सुटली पाहिजेत. एक आधी सुटलं तर गज वाकलेला आहे किंवा त्याच्या एका टोकाची खोबण झिजली आहे. गज सोडल्यावर त्याला थोडा मोकळा हेलकावा हवा. तो मुद्दाम ठेवलेला असतो: धडकेत गजाचं स्वतःचं वजनही पुढे फेकलं जातं आणि हेलकावा नसेल तर तेवढ्याने लॅच उचललं जाऊ शकतं. म्हणून गजाला पिशवी, छत्री, कशाचाही हुक लावू नये. सीटखाली बाटली ठेवू नये, ती ब्रेकमध्ये घरंगळत येऊन गजाखाली शिरली की त्याला खालून ढकलते.

शेवटी प्रत्येक खाचेत सीट थांबवून, गजाला हात न लावता, पाय फ्लोअरला टेकवून कंबरेने मागेपुढे जोर द्या. एकूण एक खाच तपासा. रोज वापरात असलेली खाच सर्वांत जास्त झिजते, तीच नेमकी चाचपायची राहून जाते.

---

पाठीचा_सांधा

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. वर एक सेंटीमीटर डुलणं ऐकायला मोठं वाटतं, पण आधी हिशोब करा. रिक्लायनरमधल्या (पाठ झुकवून लॉक करणाऱ्या सांध्यातल्या) दात्यांच्या वर्तुळाची त्रिज्या साधारण ३० मिमी असते आणि पाठीचं वरचं टोक सांध्यापासून ६०० मिमी वर. म्हणजे दात्यांपाशी असलेली ढिलाई वर २० पट होऊन दिसते. १० मिमी डुलणं म्हणजे सांध्यात अर्धा मिलिमीटर. ही झीज असू शकते. पण हीच खूण एका बाजूचं रिक्लायनर अर्धवट लागलेलं असेल तरीही दिसते, म्हणून नुसत्या डुलण्यावरून निकाल देता येत नाही.

फरक ओळखायचा तर कुणाला तरी पाठीचा वरचा कोपरा धरून हलवायला सांगा आणि तुम्ही दोन्ही सांध्यांवर एकेक बोट ठेवा. दोन्हीकडे सारखी हालचाल असेल तर झीज. एकीकडे शून्य आणि दुसरीकडे जास्त असेल, पाठ पिळल्यासारखी होत असेल, तर दुसरं रिक्लायनर लॉक होत नाही. अशी पाठ भार एकाच सांध्यावर घेते, म्हणून हा दोष आधी दुरुस्त करायचा.

लीव्हरवाल्या रिक्लायनरमध्ये आतून दाते असलेलं एक कडं असतं. तीन-चार दातेरी तुकडे एका कॅममुळे (फिरताना त्यांना ढकलणाऱ्या तुकड्यामुळे) बाहेर सरकून त्या कड्यात घट्ट बसतात आणि कॅम स्प्रिंगने फिरतो. दोन्ही बाजूंची रिक्लायनर एका आडव्या दांड्याने जोडलेली असतात. कधी सीट उघडून परत जोडताना हा दांडा एका दात्याने चुकीचा बसवला जातो. मग लीव्हरच्या बाजूचं रिक्लायनर पूर्ण लागतं, पण पलीकडचा कॅम थोडा आधीच थांबतो. लीव्हर सोडल्यावर तो मूळ जागेवर पूर्ण परततो का, हे म्हणून आवर्जून बघा. मध्येच अडकत असेल, प्लास्टिकच्या कव्हरला घासत असेल, तर तोच दोष.

गोल नॉब फिरवून पाठ झुकवायची सीट असते, तिचं आतलं काम वेगळं. एका दातेरी चाकात दुसरं कमी दात्यांचं चाक मध्यापासून थोडं बाजूला सरकून फिरतं आणि पाठ हळूहळू सरकते. ढिलाई मारायला तिथे दोन पाचरी असतात, त्यांना स्प्रिंग ताणून ठेवते. पाचरी झिजल्या की डुलणं सुरू होतं आणि ते नेहमी दुरुस्तीपलीकडचं असतं. रिक्लायनर आख्खं बदलावं लागतं. यात वेल्डिंग करायचं नाही. दाते कठीण केलेल्या पोलादाचे असतात, वेल्डिंगच्या उष्णतेने तो कठीणपणा निघून जातो. आणि वेल्ड बसला की पाठ एकाच कोनात कायमची.

मागून धडक बसली की सगळा भार पाठीवर येतो. धड, डोकं आणि हात मिळून ४५ किलो धरले, १० जी वेगबदल धरला, तर ४.४ किलोन्यूटन बळ होतं. ते सांध्यापासून पाव मीटर वर लागलं तर सांध्यावर ११०० न्यूटन-मीटर मोमेंट (वळवणारा जोर) येतो. नियम १७ मध्ये पाठीसाठी किमान ५३० न्यूटन-मीटर मागितले आहेत आणि अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस २०७ या सुरक्षा नियमात ३७३. हे किमान आकडे अपुरेच आहेत असं माझं ठाम मत आहे. चांगल्या सीटची पाठ याहून बरीच मजबूत असते, पण तेवढं बळ दोन्ही सांधे लागलेले असतील तरच मिळतं. पाठ मागे कोसळली की माणूस तिच्यावरून वर सरकतो, डोकं हेडरेस्टच्या वर जातं आणि बेल्टला खांदा धरता येत नाही.

पाठ अगदी ताठ असणंही चांगलं नाही. मानेला झटका बसतो तो डोकं आणि धड वेगवेगळ्या वेळी मागे गेल्यामुळे. १९९७ मध्ये साबच्या ९-५ मध्ये आलेल्या सीटमध्ये पाठीवर दाब पडला की एका दुव्याने हेडरेस्ट पुढे आणि वर येत असे. १९९८ मध्ये व्होल्वोने एस८० मध्ये आणलेल्या व्हिप्समध्ये रिक्लायनरपाशीच अशी रचना आहे की पाठ आधी समांतर मागे जाते, मग झुकते, आणि मधला धातूचा भाग वाकून ऊर्जा शोषतो. तो भाग एकदाच कामाचा. मागून धडक बसलेल्या गाडीची अशी सीट वरून ठीक दिसली तरी तो भाग वाकलेला असू शकतो, तो बदलायलाच हवा.

हेडरेस्टचं टोक डोक्याच्या टोकाइतकं वर हवं आणि डोक्यामागची पोकळी जितकी कमी तितकी बरी. अमेरिकेच्या २०२ए नियमात पुढच्या सीटसाठी ही पोकळी ५५ मिमीच्या आत ठेवायची आहे. पाठ जास्त झुकवली की पोकळी वाढते, म्हणजे मोजमाप पाठीच्या कोनाशी बांधलेलं आहे. हेडरेस्टच्या दोन दांड्यांपैकी सहसा एकाच दांड्याला खाचा असतात आणि लॉकचं बटणही त्याच बाजूला. त्या बाजूची प्लास्टिकची बुशिंग फुटलेली असेल तर हेडरेस्ट वरून दाबल्याबरोबर खाली बसतं. हातानेच दाबून बघा, दोन सेकंदांचं काम आहे.

---

खाचमोजणी

तपासलं. आतल्या बाजूच्या लॅचवर सीट कव्हरच्या तारेचा हुक अडकलेला होता, तो काढला. आता खट् दोन्हीकडे येतं, पण गज सावकाश उचलला तर आतलं लॅच किंचित उशिरा सुटतं. पाठीच्या सांध्यांवर बोट ठेवलं तर दोन्हीकडे हालचाल सारखीच आहे. गज वाकला असेल तर सरळ करून चालेल का? उंचीच्या दांड्याबद्दल राहिलंच: खडबडीत रस्त्यावर दिवसभरात सीट थोडी खाली बसते असं वाटतं.

---

रेल_आणि_लॅच

गज सरळ करू नका, बदला. थंड वाकवलेल्या गजात आतला ताण राहतो. शिवाय दोन टोकांमधला मिलिमीटरभर फरक डोळ्याला कळत नाही, पण लॅचला कळतो. गज नवा घातल्यावरही उशीर राहिला तर दोष रेलच्या बसण्यात आहे. चार बोल्टपैकी एक खूप आवळून बाकीचे नंतर लावले की रेल पिळतात आणि दोन्ही बाजूंच्या खाचा समोरासमोर येत नाहीत. म्हणून चारही बोल्ट हाताने आटे लागेपर्यंत बसवायचे, मग सीट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवायची, म्हणजे रेल आपापल्या जागी समांतर बसतात. टॉर्क त्यानंतर. क्रम आणि आकडा गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या. आट्यांवर निळा-हिरवा लेप असलेले बोल्ट एकदाच वापरायचे असतात. बोल्टची ग्रेड डोक्यावर कोरलेली असते, तीच हवी.

एक लक्षात घ्या, लॅच ज्या खाचेत वरचेवर अर्धवट बसत होतं तिच्या कडा गोल झाल्या असतील. टॉर्चने तिरका उजेड टाकून बघा: चांगल्या खाचेची कड धारदार दिसते, झिजलेली चकाकते. चकाकत असेल तर रेलची जोडी बदला. एकच रेल बदलून दोन बाजूंना वेगवेगळी झीज ठेवू नका.

सीट खाली बसणं हे उंचीच्या पंपातल्या ब्रेकचं काम आहे. दांडा पंप केला की एक छोटं चाक फिरतं, त्याने दातेरी पंख्यासारखा तुकडा फिरतो आणि चार दुव्यांवरची सीट वर येते. दांडा सोडला की गुंडाळलेली स्प्रिंग किंवा रोलर त्या चाकाला घट्ट धरतात. दातेरी तुकडा बहुधा एकाच बाजूला असतो. पलीकडच्या बाजूचा भार आडवी नळी पीळ खाऊन इकडे आणते. बकल सीटवर असलं की धडकेत मागचे दुवे वर खेचले जातात आणि तो सगळा भार या एका चाकाच्या दोन-तीन दात्यांवर येतो. काही सीटमध्ये त्यासाठी जास्त जोर आल्यावरच अडकणारा वेगळा दात असतो, पण तो तुमच्या सीटमध्ये असेलच असं धरून चालू नका. ब्रेक घसरत असेल तर पंपाचा संच बदला. त्यात ग्रीस किंवा तेल टाकू नका, तो घर्षणावर चालतो.

---

पाठीचा_सांधा

दोन्हीकडे सारखं म्हणजे झीजच. आता दर काही महिन्यांनी वरच्या टोकाचं डुलणं पट्टीने मोजून ठेवा. वाढत गेलं तर दोन्ही रिक्लायनर एकदम बदला.

बैठकीबद्दलही एक सांगतो, कारण ते सीट उघडल्यावरच दिसतं. बैठकीच्या फोमखाली पुढच्या बाजूला पत्र्याचा चढ असतो. समोरून धडक बसली की कंबर पुढे सरकते, चढाला टेकते आणि थांबते. तो नसता तर कमरेचा पट्टा ओटीपोटावर चढला असता आणि आतल्या अवयवांना इजा झाली असती. बैठक मऊ करायला जाड गादी टाकली की कंबर या चढावरून सहज निसटते. गाडी चालत असताना पाठ खूप झुकवून बसलं तर परिणाम तोच: खांद्याचा पट्टा छातीपासून दूर राहतो, कमरेचा पट्टा वर सरकतो. मागच्या सीटवर पहुडल्यासारखं झोपून प्रवास करणाऱ्यांनाही हे लागू आहे.

---

पिवळा_कनेक्टर

मोटरवाल्या सीटबद्दल. स्क्रू उलटा का फिरत नाही याचं कारण आट्यांच्या उतारात आहे. समजा एका फेऱ्याला नट ३ मिमी सरकतो आणि स्क्रूचा मधला व्यास ८ मिमी आहे. फेऱ्याचा घेर २५ मिमी, म्हणजे उतार ३ भागिले २५, ०.१२. पोलादावर पोलादाचं घर्षण साधारण ०.१५. उतार घर्षणापेक्षा कमी असला की नटाला कितीही ढकललं तरी स्क्रू फिरत नाही. ०.१२ आणि ०.१५ मध्ये फरक थोडाच आहे आणि कंपनाने घर्षण कमी होतं, म्हणून मोटर आणि स्क्रूच्या मध्ये वर्म गिअर (स्क्रूसारख्या आट्यांनी चाक फिरवणारा गिअर) ठेवतात. तिथे हाच नियम दुसऱ्यांदा लागू होतो. मोटर सीट धरून ठेवत नाही, ती फक्त फिरवते. बॅटरी काढली तरी सीट तितकीच घट्ट असते.

धडकेत धोका वेगळाच असतो. सगळा जोर नटाच्या आट्यांवर आणि स्क्रूच्या टोकाच्या ब्रॅकेटवर येतो. आटे कातरले गेले किंवा ब्रॅकेटचा वेल्ड उसवला तर सीट सुटते. स्क्रूच्या टोकाशी ढिलाई आहे का, ब्रॅकेटभोवती रंगाला तडा आहे का, हे वापरलेली सीट घेताना बघायचं. मोटर थांबताना दर वेळी 'टक्' असा धक्का जाणवला तर टोकाचा बेअरिंग भाग झिजलेला आहे.

वजन विसरू नका. मोटरवाली सीट १० किलो जड असली तर २० जी मध्ये जवळपास दोन किलोन्यूटन बळ वाढतं. कारखान्याने तेच फ्लोअर त्या ट्रिमसाठीही वापरलं असेल तर ठीक. फक्त भोकं जुळतात म्हणून भागत नाही, कारण जड सीटच्या ट्रिममध्ये कधीकधी फ्लोअरखाली जाड पट्टी वेल्ड केलेली असते. दोन्ही ट्रिमचे फ्लोअरचे पार्ट नंबर ताडून बघा.

आता वायरिंग. इग्निशन बंद, बॅटरीचं ऋण टोक काढा आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये कपॅसिटर असतो, अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग फुटावी म्हणून तो भारलेला असतो, त्याला रिकामा व्हायला काही मिनिटं लागतात. सीटखालचे पिवळे कनेक्टर साइड एअरबॅगचे आणि बकलच्या प्रीटेन्शनरचे (धडकेच्या क्षणी बेल्ट खेचून घट्ट करणाऱ्या भागाचे). काढल्यावर त्यांच्यातली छोटी पट्टी दोन पिना आपोआप जोडते, ती वाकवू नका. या कनेक्टरवर मल्टिमीटर कधीही लावू नका: मीटर रोध मोजताना जो करंट सोडतो, तो एअरबॅग फोडणारा इग्नायटर पेटवायला पुरू शकतो. सीट बाहेर असताना बॅटरी जोडून इग्निशन चालू केलं की फॉल्ट नोंदला जातो आणि दिवा लागतो, तो मग स्कॅनरनेच जातो.

जुन्या सीटच्या रेलवर हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्रावरून जागा ओळखणारा) असेल. वरच्या रेलवर सेन्सर आणि खालच्या रेलवर पोलादी पट्टी. सीट खूप पुढे आहे का, हे त्यावरून एअरबॅगला कळतं आणि दोन टप्प्यांच्या एअरबॅगमध्ये जोर कमी करायचा की नाही ते ठरतं. मोटरवाल्या सीटची पट्टी वेगळ्या ठिकाणी असू शकते. चुकीच्या जागेची पट्टी ठेवली तर दिवा लागणार नाही, पण निर्णय चुकेल. सेन्सर काहीही म्हणो, छातीच्या हाडापासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत २५ सेंटीमीटर अंतर ठेवाच.

वापरलेली सीट अपघातातली नाही हे ओळखायला बकलखालची रबरी घडी बघा. प्रीटेन्शनर फुटला असेल तर घडी चुरगळलेली असते आणि बकल नेहमीपेक्षा काही सेंटीमीटर खाली बसलेलं असतं. रेलच्या कडांना आतून ओरखडे, रिक्लायनरभोवती रंगाचे पोपडे, पाठीच्या बाजूची शिवण उसवलेली, यातलं एकही दिसलं तर ती सीट घेऊ नका. सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर वरून अखंड कव्हर घालायचं नाही. एअरबॅग ठरावीक कमकुवत धाग्याची शिवण फाडून बाहेर येते, कव्हर तिला अडवतं.

---

खाचमोजणी

मोटरवाल्या सीटचा विचार बाजूला ठेवतो, आहे तीच नीट करतो. शेवटचं: उंची कमी पडते म्हणून पंप पूर्ण वर असतो. रेलच्या खाली ४० मिमीचे स्पेसर घातले तर?

---

रेल_आणि_लॅच

घालू नका. सध्या बोल्ट रेलचा पाय थेट फ्लोअरवर दाबतो आणि सरकण्याचं बळ त्या दाबाच्या घर्षणातून जातं. ४० मिमीची नळी मध्ये आली की बोल्ट लांब होतो, वाकायला लागतो, आणि मागच्या बोल्टवर आधीच उचलण्याची ओढ असते, तिच्यात हे वाकणं मिळतं. कारखान्याने चाचणी ४० मिमी उंचीवर केलेली नाही. शिवाय खांद्याच्या पट्ट्याचं वरचं टोक खांबावर आहे तिथेच राहतं, तुम्ही वर जाता आणि पट्टा खांद्यावरून निसटून दंडाकडे येतो. आधी खांबावरचं बेल्टचं टोक वरखाली होतं का बघा, स्टिअरिंग खाली करा, आणि पाठ एक-दोन खाचा सरळ करा. पाठ सरळ केली की डोळ्यांची उंची दोन-तीन सेंटीमीटरने वाढते, त्यासाठी एकही बोल्ट सोडावा लागत नाही.

---

पाठीचा_सांधा

पाठ सरळ केल्यावर हेडरेस्ट पुन्हा लावा. डोक्यामागची पोकळी बदललेली असेल आणि उंचीची खाचही एखादी वर घ्यावी लागेल.